एकास बहात्तर

मला विमानं बनवायचा नाद आहे. खरी नव्हेत, प्लॅस्टिकची. परदेशी कंपन्यांच्या पेट्यांमध्ये सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि त्यातून हुबेहूब लढाऊ विमान उभं करायचं. वयाची साठी उलटली, शाळेतली नोकरी संपली, मुलींची लग्नं झाली, पण हा नाद काही सुटला नाही. आमच्या भिवापुरात मिरचीचा भाव आणि पावसाचा अंदाज यापलीकडे फारशी चर्चा होत नाही. अशा गावात एक मुसलमान मास्तर डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढी चाकं बसवत बसतो, याचं लोकांना नवल वाटतं. नवल वाटतं तोवर बरं असतं.

भिंग अब्बांचं. बसस्टँडजवळ त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग कशी उचलायची, श्वास रोखून स्क्रू कसा फिरवायचा, हे मी तिथेच शिकलो. अब्बांना वाटलं होतं, पोरगा दुकान सांभाळेल. पण पुढे बॅटरीची घड्याळं आली, दुकान बसलं आणि मी मास्तर झालो. चिमटा तेवढा हातात राहिला.

पहिली पेटी १९७८ साली आली. माझे मामू नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडच्या कार्यालयात कारकून होते. ते एकदा मुंबईला गेले आणि येताना माझ्यासाठी एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर घेऊन आले. नागपूरहून भिवापूरला येणाऱ्या छोट्या रेल्वेच्या गर्दीत त्यांनी ती पेटी मांडीवर जपून आणली होती. ती नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये बंद झाली, पण त्या पेटीचं झाकण अजून माझ्याकडे आहे. एअरफिक्सची गोष्ट मला फार नंतर वाचायला मिळाली. हंगेरीतून इंग्लंडला आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या ज्यू गृहस्थाने १९३९ साली ती कंपनी काढली. आधी रबरी खेळणी, मग कंगवे. १९५३ मध्ये तिने पहिलं विमान काढलं, ते स्पिटफायरच. परमुलखातून आलेल्या माणसाने इंग्रजांच्या पोरांना इंग्रजांचं सर्वांत लाडकं विमान हातात दिलं, ही गोष्ट मला का कोण जाणे, आवडते.

पेटीवर लिहिलेलं असतं, एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर इंच इथे एक इंच होतात. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, एक उंचपुरा माणूस. तो माणूस एक इंचाचा झाला की त्याच्या मापाने सगळं जग लहान होतं. हे मी अम्मीला समजावून सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बहत्तर? करबलावाले?" मी हसलो. ती हसली नाही.

अम्मीची तक्रार वेगळीच होती. विमानाच्या पेटीत बहुतेक वेळा एक इंचाचा वैमानिकही असतो. "ये गुड्डा काहे को बिठाया उसमें? घर में नमाज होती," ती म्हणायची. लढाईची खेळणी तिला चालत होती, पण घरात पुतळा नको होता. मी मग वैमानिक बसवायचंच सोडलं. काचेची टोपी उघडी ठेवायची, जणू वैमानिक उतरून चहा प्यायला गेला आहे. माझ्या कपाटातली सगळी विमानं आजही रिकामीच आहेत. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी ती रीत मोडलेली नाही.

गावात सामान मिळत नव्हतं. खास डिंक मिळेना म्हणून फेविक्विक वापरलं, तर काचेच्या टोपीवर पांढरी बुरशी आल्यासारखी झाली. पुढे कळलं, त्याची वाफच तसा डाग धरते. फटी बुजवायला गॅरेजमधून एन. सी. पुट्टी आणायची, घासायला पॉलिश पेपरचे तुकडे, रंगवायला हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट थिनर घालून. मिरचीच्या हंगामात मात्र रंगकाम बंद. गावाच्या चहूकडे सातरे लागतात, बायका दिवसभर देठं खुडत बसतात आणि वारा सुटला की सगळा गाव ठसकतो. ओल्या चंदेरी रंगावर एकदा मिरचीची धूळ बसली की ती निघत नाही. माझ्या एका मिग-२१च्या पंखावर अशी लाल छटा आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनलेली मिग-२१ विमानं वायुसेनेने साठ-बासष्ट वर्षं वापरली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्या जातीच्या विमानाला निरोप दिला. त्या रात्री मी माझं मिग कपाटातून काढून पुसलं, पण लाल छटा तशीच ठेवली.

विमानवाहू जहाजाच्या वाटेला मी उशिरा गेलो. नोकरीत असताना एकदा सहलीची मुलं घेऊन मुंबईला गेलो होतो. तेव्हा विक्रांत जहाज संग्रहालय म्हणून नौदलाच्या गोदीत उभं होतं. १९६१ साली नौदलात आलेलं, १९७१च्या डिसेंबरात ज्याच्या डेकवरून सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, तेच हे जहाज. ज्याच्या शोधात आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेही हेच. मुलं तोफेवर हात फिरवत होती आणि मी डेकची लांबी पावलांनी मोजत होतो. पुढे २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं, २०१४ मध्ये जहाज भंगारात विकलं गेलं आणि दारूखान्यात तुकडे तुकडे झालं. त्यातल्या लोखंडातून मोटारसायकली निघाल्या. विक्रांतची प्लॅस्टिकची पेटी मला कुठे मिळाली नाही, म्हणून पत्र्यासारखी पातळ प्लॅस्टिकची पानं कापून मी ते स्वतःच बनवायला घेतलं. एकास सातशे या मापात दोनशे तेरा मीटरचं जहाज तीस सेंटिमीटरचं होतं, शाळेच्या फूटपट्टीएवढं. सी हॉक पावणेदोन सेंटिमीटरचं. काम अजून अर्ध्यावर आहे.

पण मला सांगायचं आहे ते नॅट आणि साबर यांच्याबद्दल.

नॅट म्हणजे चिलट. फॉलंड या ब्रिटिश कंपनीने काढलेलं, मग आपल्या बंगलोरला बनलेलं इवलंसं विमान. १९६५च्या लढाईत पाकिस्तानकडे अमेरिकेची साबर विमानं होती आणि या चिलटाने त्यांना चांगलंच सतावलं. किती पाडली, याचे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर साबर चालून आली, तेव्हा हल्ला चालू असतानाच निर्मलजित सिंग सेखोंनी नॅट उडवलं आणि एकट्याने झुंज देत ते शहीद झाले. वायुसेनेला मिळालेलं ते एकमेव परमवीरचक्र. अनेक वर्षं बाजारात नॅटची जी पेटी मिळायची ती दोन आसनांची, ब्रिटिशांच्या सरावाच्या विमानाची. आपलं विमान एका आसनाचं. करवतीने नाक कापून, लाकूड तासून, पुट्टी भरून मी तिचं भारतीय नॅट केलं. साडेबारा सेंटिमीटरचं. पंखांवर केशरी, पांढरी, हिरवी वर्तुळं लावली. बघायला अर्धा मोहल्ला आला.

नॅट एकटं ठेवून चालत नाही. जगभरचे माझ्यासारखे छंदी लोक जोडीने विमानं ठेवतात. ज्याच्याशी लढाई झाली तेही शेजारी हवं, त्याशिवाय नॅट किती लहान होतं हे कळत नाही. म्हणून २०१० साली मी साबर बनवलं. सोळा सेंटिमीटरचं, चकचकीत चंदेरी. खुणांचा कागद वेगळा मागवला. हिरवी-पांढरी वर्तुळं आणि शेपटीवर लावायचा हिरव्या पट्टीवरचा चांदतारा. या खुणा पाण्यात भिजवल्या की कागदावरून सुटतात आणि बोटाने सरकवून बसवता येतात. पाच मिनिटांचं काम.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी घरी आले होते. भला माणूस. माझ्या मुलीच्या लग्नात वाढपी झालेला. टेबलावरचा कागद बघून ते सहज म्हणाले, "गुरुजी, हे नका लावू बरं. तुमच्या घरी नको." त्यांच्या आवाजात काळजीच होती. त्यामुळेच ते वाक्य जास्त लागलं. हाच कागद पुण्यातल्या एखाद्या कुलकर्ण्यांच्या टेबलावर असता, तर त्यांनी "काय बारीक काम आहे हो" असं म्हटलं असतं. बायकोचंही तेच. "रहने दो ना. बगैर निशान के भी विमानच दिखता. कल कोई फोटो खींच के मोबाइल पे डाल दिया तो?" ती भित्री नाही. दंगलीच्या अफवांच्या रात्री दाराशी बसून स्वेटर विणणारी बाई आहे. तिने हिशोब मांडला होता, आणि हिशोब बरोबर होता.

मी कागद पाकिटात घालून ठेवला. साबर नॅटच्या शेजारी उभं राहिलं, बिनखुणेचं. कुणी विचारलं की सांगायचो, अमेरिकन आहे. ते खोटं नव्हतं, कारण ते विमान अमेरिकेतच बनलं होतं.

अब्बांच्या दुकानात इद्रिस हसन लतीफ यांचा वर्तमानपत्रातला फोटो होता. १९७८ ते १९८१ ते वायुसेनाप्रमुख होते, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. फाळणीच्या वेळी त्यांचे जवळचे सहकारी तिकडे गेले. त्यातले असगर खान आणि नूर खान पुढे पाकिस्तानच्या वायुसेनेचे प्रमुख झाले. लतीफ इथेच राहिले. अब्बा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही हकिकत ऐकवायचे. तो फोटो त्यांनी अभिमानाने लावला होता की दाखला म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अब्दुल हमीद यांचं नावही आपण असंच घेतो. शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी ते दरवर्षी घेत आलो. खेमकरणच्या शेतात जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवणारा तो माणूस खरोखर मोठा होता. पण त्याचं नाव उच्चारताना मी समोरच्यांचे चेहरे वाचत असे, हेही खरं.

माझ्या छंदात एकच इमान आहे, ते म्हणजे हुबेहूबपणा. चाकाचा रंग चुकला तर रात्री झोप येत नाही. आणि कपाटात मधोमध एक विमान बिनखुणेचं! एकदा कराचीच्या वायुसेना संग्रहालयाची चित्रं बघायला मिळाली. ३ सप्टेंबर १९६५ रोजी आपलं एक नॅट त्यांच्या पसरूर धावपट्टीवर उतरलं आणि त्यांच्या ताब्यात गेलं. ते आज तिथे उभं आहे, आपल्या तिरंगी वर्तुळांसकट. त्यांनी ती खोडलेली नाहीत. खोडली तर दाखवायचं काय?

गेल्या उन्हाळ्यात धाकटी मुलगी माहेरी आली होती. कपाट पुसता पुसता म्हणाली, "अब्बा, याची शेपटी कोरी का?" मी पाकीट काढलं. पंधरा वर्षांत कागद पिवळा पडला होता. असल्या जुन्या खुणा पाण्यात घातल्या की चुरा होतात. त्यावर उपाय आहे. आधी कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा, म्हणजे उन्हाने पिवळेपणा जातो. मग वार्निशचा हात द्यायचा, म्हणजे फुटत नाहीत. आमच्या घरात कडक ऊन येणारी खिडकी एकच, रस्त्याकडची.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. बायको म्हणाली, "लगाना है तो सीधा लगाओ, तेढा मत." आणि चिकटपट्टी आणून दिली.

सोळा दिवस तो कागद खिडकीला होता. भिवापूरचं एप्रिलचं ऊन. सातऱ्यावरच्या बायका डोक्याला ओढणी गुंडाळून समोरून जायच्या-यायच्या. दूधवाला यायचा. एका पोराने विचारलं, "सर, ही कशाची स्टिकरं?" मी त्याला घरात बोलावून नॅट दाखवलं, साबर दाखवलं, सेखोंची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग छोटावाला जिंकला?" मी म्हटलं, बऱ्याचदा. नवव्या-दहाव्या दिवशी ते जुने सहकारीही आले. आता त्यांना कमी दिसतं. चहाचा कप घेऊन ते नेमके त्या खिडकीला पाठ करून बसले आणि गुडघेदुखीवर बोलत राहिले. जाताना उठून वळले आणि काचेपाशी क्षणभर थांबले. त्यांनी कागद पाहिला की बाहेरचा रस्ता, मला सांगता येणार नाही. "ऊन फार आहे," म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

सतराव्या दिवशी कागद उतरवला. वार्निश देऊन एक रात्र वाळवला. वर्तुळं नीट बसली. चांदतारा शेवटी घेतला. अब्बांच्या चिमट्याने तो शेपटीवर ठेवला, ओल्या कुंचल्याने सरळ केला आणि सुती कापडाने पाणी टिपलं. एका टोकाला केसाएवढी चीर गेली आहे. भिंगातून दिसते, नुसत्या डोळ्यांना नाही. बायकोने दोन्ही विमानं पुढच्या खोलीतल्या कपाटात ठेवली, नॅट जरा पुढे. मग मी पुन्हा विक्रांतच्या डेककडे वळलो. त्याची सहा सी हॉक अजून व्हायची आहेत.