पवनारचें खापर

नागपुराहून वर्ध्यास जाणारा रस्ता आमच्या शाळेंतील पुष्कळांच्या परिचयाचा आहे. वर्ध्याच्या अलीकडे सुमारें ८ किलोमीटरांवर तो धाम नदी ओलांडतो. पुलाखालीं खडकांतून वाट काढीत नदी वाहत असते, कांठच्या उंचवट्यावर कांहीं घरें दिसतात, आणि पापणी लवते न लवते तोंच गाडी पुढें निघून जाते. तें गांव पवनार. आम्हीं तें अनेक वेळां पाहिलें होतें. म्हणजे खरें पाहतां एकदांही पाहिलें नव्हतें.

यंदाच्या हिवाळ्यांत इतिहासाच्या सहलीसाठीं पवनारचें नांव निघालें, तेव्हां आम्हां चौघां मित्रांचीं तोंडें उतरलीं. आम्हांस अजिंठा पाहावयाचा होता. आमचे इतिहासाचे शिक्षक हंसून म्हणाले, "अजिंठ्याचीं लेणीं ज्या वाकाटकांच्या काळीं बहरलीं, त्यांच्याच कुळाची थोरली शाखा आपल्या या भागांत राज्य करीत होती. दूरच्या भाऊबंदांस भेटावयास निघालांत, आणि घरचे वडील कोण तें ठाऊक नाहीं!" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वाटेंत सरांनीं आम्हांस प्रवरसेन राजाची हकीकत सांगितली. वाकाटक वंशांतील हा दुसरा प्रवरसेन इसवी सनाच्या पांचव्या शतकांत होऊन गेला. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही पाटलीपुत्राच्या गुप्त सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची, कन्या. रामानें सागरावर सेतु बांधला, त्या कथेवरील 'सेतुबंध' हें महाराष्ट्री प्राकृतांतील काव्य याच राजाच्या नांवावर आहे. त्यानें आपली राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून हलवून प्रवरपूर नांवाच्या नगरांत नेली. तें प्रवरपूर म्हणजेच आजचें पवनार, असें मत नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं मांडलें होतें. हें ऐकल्यावर मात्र आमच्या मनांतील अजिंठा थोडा मागें पडला.

जुन्या वस्तीच्या पांढरीवर आम्ही चढलों. पिढ्यान् पिढ्या माणसें एकाच जागीं राहिलीं, म्हणजे पडलेल्या भिंतींची माती, चुलींची राख व फुटकीं मडकीं सांचून जी टेकडी बनते, तीस पांढरी म्हणतात. नागपूर विद्यापीठानें १९६७ सालीं पवनार येथें उत्खनन केलें. अकबराच्या काळींही या गांवाचा मान लहान नव्हता. 'ऐन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या एका सरकारास पवनारचेंच नांव आहे. आज त्या पांढरीवर एक आजी गोवऱ्या थापीत बसल्या होत्या.

पावसानें धुपलेल्या एका कडेला आम्हांस खापराचे तुकडे दिसले. त्यांतील एक काळा, गुळगुळीत व तळहाताएवढा होता. शाळेच्या प्रदर्शनांत तो मांडला तर केवढी शोभा येईल, असा विचार चौघांच्याही मनांत एकदमच आला. आम्हीं तो उचललेला आजींनीं पाहिला.

"काय सापडलं, बाबू?" त्यांनीं विचारलें. आम्हीं भीतभीतच तो दाखविला.

"असे तं लय निघतात पावसाळ्यात. नेता तं न्या," असें म्हणून त्या पुन्हां आपल्या कामास लागल्या.

गांवच्या वडीलधाऱ्या माणसाची अनुमति मिळाली, आतां दोष कसला, असें एकमेकांस समजावून आम्हीं तें खापर रुमालांत बांधलें.

तेथून आम्ही नदीवर आलों. पात्रांतच गांधीजींच्या स्मरणार्थ बांधलेली छत्री आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं त्यांच्या अस्थि येथें धामेच्या पाण्यांत सोडण्यांत आल्या, आणि तेव्हांपासून दरवर्षीं त्या तिथीस येथें मेळा भरतो. हेंच पाणी पुढें वेणा, वर्धा व प्राणहिता या नद्यांच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. एवढ्याशा नदीची पोंच केवढी, याचें आम्हांस नवल वाटलें.

कांठावरच विनोबा भावे यांचा आश्रम आहे. १९३८ सालीं प्रकृति खालावलेली असतां ते येथें येऊन राहिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनीं पवनार येथेंच युद्धविरोधी भाषण केलें. १९५९ सालीं त्यांनीं येथें स्त्रियांसाठीं ब्रह्मविद्यामंदिर स्थापिलें, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं येथेंच देह ठेवला. परंतु आमचें मन गुंतलें तें तेथील शिल्पांत. आश्रमाची जमीन खणतांना जुन्या मूर्ति निघाल्या. त्यांत एक राम व भरत यांच्या भेटीची होती. विनोबांनीं ती तेथेंच स्थापिली. इतरही शिल्पें आश्रमांतच आहेत. वाली व सुग्रीव यांचें युद्ध त्यांत पुष्कळांनीं ओळखलें आहे. ज्या मातींतून तीं निघालीं, त्याच मातीवर तीं उभीं आहेत.

परततांना एकानें विचारलें, "सर, मग प्रवरपूर हेंच, हें नक्की ना?"

सर म्हणाले, "नक्की म्हणतां येत नाहीं. रामटेकजवळ मनसर येथें १९९८ पासून उत्खनन झालें. विटांचीं प्रचंड बांधकामें उघडीं पडलीं. प्रवरपूर तेथेंच होतें, असें आतां कित्येक विद्वान् मानतात."

आमचा चेहरा पडलेला पाहून ते पुढें म्हणाले, "वाईट वाटून घेऊं नका. अशा वादांत मोठ्या राजवाड्याइतकीच साध्या खापराचीही साक्ष लागते. मात्र तें कोणत्या जागीं, कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं पडलें होतें, हें ठाऊक असलें तरच तें बोलतें. जागेवरून उचललें कीं तें मुकें होतें."

रुमालांतील तुकडा आम्हांस एकाएकीं जड वाटूं लागला. आम्ही एकमेकांकडे पाहिलें, आणि शेवटीं गांठ सोडून तो सरांपुढें धरला. रागाचे शब्द ऐकण्याची आमची तयारी होती. पण सर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "कोठून उचललात?"

आम्ही चौघे त्यांस घेऊन पुन्हां पांढरीवर गेलों. एकानें कडेच्या वरच्या बाजूस बोट दाखविलें, दुसऱ्यानें बाभळीच्या मुळाशीं; तिसऱ्यास जागा आणखी खालीं असावीशी वाटली; चौथा गप्पच राहिला. दोन तासही झाले नव्हते! शेंकडों वर्षें मातीनें जें जपून ठेवलें असेल, तें आम्हीं दोन तासांत हरवून बसलों होतों. आजी अजून तेथेंच होत्या. "परत काहून आणलं, बाबू?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हांस काय सांगावें तें कळेना. आम्हीं तें खापर कडेशीं अदमासानें ठेवून दिलें. खापर परत गेलें, परंतु त्याची जागा कांहीं त्यास परत मिळाली नाहीं.

प्रदर्शनांत आम्हीं पवनारचा एक नकाशा मांडला. त्यांत नदी, पूल, छत्री, आश्रम व पांढरी दाखविली आहे, आणि पांढरीच्या कडेला एक प्रश्नचिन्ह आहे. तें कशाचें, असें पाहुण्यांनीं पुष्कळदां विचारलें. आम्हीं प्रत्येकास खरी गोष्ट सांगितली.

वाचकहो, वर्ध्याच्या वाटेवर तो पूल लागला, तर घटकाभर खालीं उतरावें. आईवडिलांनीं मुलांस बरोबर न्यावें, पांढरीवर चढावें, आजी भेटल्यास त्यांस रामराम करावा. डोळे भरून पाहावें, वहींत लिहून घ्यावें. खापर मात्र जेथें दिसेल तेथेंच असूं द्यावें. प्रवरपूर पवनारास होतें कीं मनसरास, हें उद्यां कोणी ठरविलें, तर त्यास तेथील एकेका तुकड्याची साक्ष लागेल. त्यांतील एक आमच्यामुळें मुका झाला. दुसरा तसा होऊं नये, एवढ्यासाठींच हें लिहिलें आहे.