शेवटचा पाडा

बाबांचं हिमोग्लोबिन ७ वर आलं, तेव्हा धडगावात कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्या सातपुड्यात सिकलसेल सगळ्यांच्या ओळखीचा. माणूस फिकट पडला, दमायला लागला की आधी तेच मनात येतं. मीही पुण्याहून फोनवर ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढंच विचारत राहिलो. आठ महिन्यांनी सुरतला कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ होती. तिथून थोडं थोडं, डोळ्यांना दिसणार नाही असं रक्त जात होतं. लिव्हरमध्ये आणखी चार गाठी होत्या. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्येच जातं, त्याच वाटेने त्या पेशीही गेल्या.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी एकच विचारलं, “रोगाशी लढणाऱ्या पेशी शरीरात असतात, असं मी पोरांना इतकी वर्षं शिकवलं. मग त्या होत्या कुठे?”

उत्तर शोधायला मी बसलो. त्या होत्या. पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की आतड्याच्या गाठीत कोणत्या प्रतिकारपेशी, किती आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज येतो. त्यातून ‘इम्युनोस्कोर’ आला. गाठीचा मध्य आणि तिची कड, दोन्हीकडच्या टी पेशी रंगवायच्या आणि सॉफ्टवेअरने मोजायच्या. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १३ देशांच्या अभ्यासात आमच्या शेजारच्या गुजरातमधली अहमदाबादची कॅन्सर संस्थाही होती. प्रतिमा, मोजणी, आकडा हे सगळं माझ्याच कामातलं. मला धीर आला. एक आकडा मिळाला की पुढचं ठरवता येईल, असं वाटलं.

मग त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास वाचला. २२२ रुग्णांच्या मूळ आणि पसरलेल्या मिळून ६०३ गाठी तपासल्या होत्या. एकाच माणसाच्या दोन गाठींमध्येही प्रतिकारपेशींचं प्रमाण वेगवेगळं निघालं. एका बायोप्सीवरून बाकीच्या गाठींचा भरवसा देता येत नव्हता. लहान गाठींत या पेशी बऱ्याचदा कमीच होत्या. आणि रुग्णाच्या भवितव्याशी सर्वात घट्ट नातं होतं ते सगळ्यात कमी पेशी पोचलेल्या गाठीचं.

मी बाबांना हे सांगितलं. लिव्हरचा स्वभावही सांगितला. आतड्यातून रोज येणाऱ्या अन्नावर आणि जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडायचं नाही, अशी त्याला सवय असते. तिथल्या काही पेशी लढायला आलेल्या टी पेशींनाच मारतात, हे २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. बाबांची गाठ ज्या जातीची निघाली, तिच्यावर इम्युनोथेरपीची औषधं सहसा चालत नाहीत. म्हणून केमोच.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तालुक्याची सरासरी हजेरी कागदावर छान दिसायची. शेवटच्या पाड्यावरची शाळा उघडी की बंद, ते मात्र चालत गेल्याशिवाय कळायचं नाही. आणि खरा तालुका तिथेच कळायचा.”

सरासरी काढणं हा माझा रोजचा उद्योग. सर्व्हर किती वेळात उत्तर देतो, त्याची सरासरी बघून आम्ही हिरवा दिवा लावतो. बाबांच्या हिमोग्लोबिनकडेही मी तसंच पाहिलं होतं. आमच्या भागात असंच असतं म्हणून.

आता दर पंधरा दिवसांनी चांदसैली घाट उतरून आम्ही सुरतला जातो. परवाच्या स्कॅनमध्ये तीन गाठी आकसल्या होत्या. मी फोनवर सगळ्यांना कळवलं, ‘चांगलं आहे.’

बाबा अंगणात आमचूरसाठी कैऱ्या कापत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “आणि ती चौथी, बारकी?”

“आहे तेवढीच आहे,” मी म्हणालो. पहिल्यांदाच काही न वगळता.