पाच दिवसांची लढाई आणि नंतरचं दफ्तर

अमेरिकी लष्करात ‘सिव्हिल अफेअर्स’ नावाची एक शाखा आहे. लढाई थांबली की पाणी, कोर्ट, शाळा, धान्य कोण बघणार? त्यासाठी वकील, इंजिनियर, डॉक्टर राखीव दलात ठेवतात. एरवी आपापली नोकरी, बोलावणं आलं की गणवेश. १९४२ मध्येच त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात याची शाळा काढली होती. हे वाचताना मला बर्लिन-बगदाद नाही, आमचं वडवणी आठवलं.

कारण बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाकडे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने हात टेकले. शाळेत गोष्ट इथेच संपायची, झेंडावंदन करून आम्ही घरी. पण डिप्लॉयमेंटनंतर सपोर्ट कोणाकडे, हा प्रश्न तर १८ तारखेला सुरू झाला ना! मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, आणि मुख्य नागरी प्रशासक आयसीएस अधिकारी डी. एस. बखले. शेजारच्या प्रांतांतून मुलकी अधिकारी आणले गेले. राखीव दल वगैरे काही नाही, सगळी उसनवारी. (आपली प्रादेशिक सेना उभी राहिली ती ऑक्टोबर १९४९ मध्ये, आणि राज्यकारभार हे तिचं काम नव्हतंच.)

या लोकांनी काम केलं, हे मान्यच करायला हवं. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, ही छोटी गोष्ट नाही. पण पहिल्याच आठवड्यांत रझाकारांचा सूड म्हणून साध्या मुसलमानांची कत्तल झाली, ती थांबली नाही. सुंदरलाल समितीने संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. बीडचंही नाव त्यात आहे. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. आमच्या झेंडावंदनाच्या भाषणांत त्याचा कधी उल्लेखही नसायचा.

दुसरी अडचण अगदी कारकुनी. दफ्तर उर्दूत, वर्ष फसली. त्यात साधारण ५९० मिळवायचे तेव्हा इसवी सन हाती येतं. डेट फॉरमॅटच्या भानगडी आमच्याच धंद्यात असतात असं नाही. बाहेरच्या साहेबाला ते वाचून दाखवणारा माणूस लागायचा तो इथलाच. आणि बाहेरून आलेल्यांनी नोकऱ्या पटकावल्या म्हणून १९५२ मध्ये तेलंगणात मुल्की आंदोलन पेटलं.

बरं, हे जुनं झालं म्हणावं, तर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यात पुन्हा शोधाशोध: उर्दू कोणाला वाचता येतं? मोडी कोणाला येते? म्हणून अशा राखीव तज्ज्ञांची यादी उद्या कोणी करायला घेतली, तर माझं मत आधी त्या म्हाताऱ्या नक्कलनवीसाला. आमच्यासारखे प्रोग्रॅमर नंतर बघू.

आमच्या घरी पणजोबांच्या जमिनीचा एक उर्दू कागद आहे. चुलत्यांच्या वाटणीचा वाद त्यावरच अडलाय. पुढच्या शनिवारी तो घेऊन बीडला जायचंय, वाचणारा एकजण सापडलाय म्हणतात.