आधी पॉवर सप्लाय

आज संगणकाच्या सुट्या भागांची यादी जवळपास पक्की झाली. राहुरीतला मे म्हणजे चाळिशीपार पारा, रस्त्याची धूळ, आणि विजेचा नेम नाही. म्हणून निवड प्रोसेसरपासून नव्हे, पॉवर सप्लायपासून सुरू केली. खोक्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. मी बघतो १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते. प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्डाचा मुख्य भार तिथेच पडतो. ३७ अँपिअर असतील तर ४४४ वॅट, म्हणजे आकडा खरा.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच. ते ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून वेगासाठी १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८च्या दोन. कॅबिनेटला काच नको. पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर हवा.

सुट्या भागांच्या जुळणीबद्दल मला फार आदर आहे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक नाकारल्यावर पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या चमूने १९९१मध्ये परम ८००० उभा केला तो इनमॉसचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडूनच. चिप विकत मिळत होती, जोडणीची बुद्धी आपली होती. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

मदरबोर्ड तेवढा राहिलाय. उद्या नगरला जाऊन एकच विचारायचंय: बिघडला तर वॉरंटीत इथेच बदलून मिळेल, की पुण्याला पाठवावा लागेल? 'इथेच' म्हणणाऱ्याला दोनशे रुपये जास्त द्यायला मी तयार आहे.