तबकडीचे परत येणे

रत्नागिरीच्या पावसात वस्तू जपणे सोपे नाही. आषाढ-श्रावणात भिंती ओल धरतात, पुस्तकांची पाने चिकटतात आणि ध्वनिमुद्रिकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी चढते. रामआळीजवळच्या एका जुन्या घरात थोरल्या भावाने मात्र एक तबकडी कितीतरी पावसाळ्यांतून सांभाळली होती. पाऊस सरला की तो ती साध्या पाण्याने धुई, मऊ कापडाने गोल गोल टिपून घेई आणि सावलीत उभी करून वाळवी.

ती होती शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची ‘राग जॅझ स्टाइल’. मुंबईत नोकरीस असताना त्याने ती पगारातून पैसे वाचवून घेतली आणि एस.टी.च्या रात्रीच्या गाडीने मांडीवर ठेवून आणली. तोडी, भैरव, मालकंस, शिवरंजनी असे अकरा राग. रईस खाँ यांची सतार, रमाकांत म्हापसेकर यांचा तबला, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि जोडीला ट्रम्पेट, गिटार, ड्रम. घरातील वडीलधाऱ्यांना ती रागांची थट्टा वाटे.

वस्तुतः हा मेळ एकाएकी जमलेला नव्हता. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ घुमू लागले. गोव्याच्या वादकांनी ते आत्मसात केले आणि त्यांच्यापैकी अनेक जण पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट १९५१ सालच्या ‘अलबेला’त एकत्र आले, तेव्हा उभा महाराष्ट्र त्या तालावर डोलला.

धाकटा भाऊ हिशेबी होता. कॅसेटचे दिवस आले, घराची डागडुजी निघाली. थोरला परगावी असताना त्याने रद्दीबरोबर तबकड्यांचा गठ्ठाही भंगारवाल्याला दिला आणि आलेले पैसे घरखर्चाच्या वहीत चोख जमा केले. ‘घरात पसारा नको’ हे त्याचे ब्रीद होते; आपण संग्रहाचा मोह सोडला, असेच त्याला वाटत राहिले. थोरला परतला. त्याने कपाट उघडले आणि मिटले. बोलला काहीच नाही. तो खण मात्र त्याने पुन्हा कधी भरला नाही.

अलीकडे अशा जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने निघू लागल्या आहेत. मूळ ध्वनिफीत उपलब्ध असेल तर तिच्यावरून, नसेल तर एखाद्या सुस्थितीतील तबकडीवरून खरखर काढून नवी प्रत तयार करतात. चरणजित सिंग यांची १९८२ सालची दहा रागांची डिस्को-तबकडी तेव्हा फारशी कोणी ऐकली नव्हती. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशात गाजली. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांचे सोल आणि जॅझ गायनही आता नवी पिढी शोधून ऐकते. ‘राग जॅझ स्टाइल’चेही असेच पुनरागमन झाले.

गेल्या दिवाळीत धाकट्याच्या नातीने पुण्याहून ती नवी प्रत आणि एक लहानसा रेकॉर्डप्लेअर आणला. थोरले आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांनी खुर्ची वळवून उजवा कान तबकडीकडे केला. तोडी संपला तेव्हा धाकटे हळूच म्हणाले, “दादा, आपली ती मीच दिली होती.”

“ठाऊक आहे,” थोरले म्हणाले. “वहीत नोंद होती. रद्दी व इतर.”

पुढे भैरव लागला. मध्येच एका जागी थोरल्यांचे बोट नकळत वर उचलले गेले. जुन्या तबकडीवर तिथे एक चरा होता. सुई तिथे अडकायची. नव्या तबकडीत सूर न अडखळता पुढे गेले. बोट तसेच राहिले आणि मग ते हसले.

आपल्या मालकीचे सोडणे हा त्याग. दुसऱ्याच्या जिव्हाळ्याचे टाकून देणे हा त्याग नव्हे. धाकट्यांना हे कळण्यास एवढी वर्षे लागली. एक बाजू संपली तेव्हा नात उठू लागली. तिला थांबवून ते स्वतः उठले आणि दोन्ही हातांनी, कडेला धरून, त्यांनी तबकडी उलटली.