माकडाची शेवटची उडी

उदाहरणाचे उत्तर येणे आणि उदाहरण उमगणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पायऱ्या मांडून गणित सोडवण्याचे काम वरवर शाळकरी दिसते. परंतु सोडवणाऱ्याच्या, आणि त्याहूनही शिकवणाऱ्याच्या, स्वभावाची परीक्षा त्यात होत असते.

नागपूरहून दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गार्डन रीच येथील मुख्य कचेरीत बदली झालेला एक मराठी गृहस्थ १९७९ च्या पावसाळ्यात कलकत्त्याच्या भवानीपूर भागात राहत होता. त्याची सातवीतील मुलगी बंगाली शाळेत जाई. संध्याकाळी वीज गेली, की बापलेक कंदिलापाशी गणिते घेऊन बसत. त्याला बंगाली वाचता येत नसे. बसगाड्यांच्या पाट्यांवरून अंक तेवढे ओळखीचे झाले होते. मुलीने बंगालीत वाचावे, मराठीत सांगावे आणि बापाने शिकवावे, असा तो क्रम होता.

याच भवानीपुरातील मित्र इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक केशवचंद्र नाग (१८९३-१९८७) यांच्या अंकगणितावर बंगालच्या कित्येक पिढ्या वाढल्या, आणि त्याच्या धाकातही राहिल्या. गळका हौद आणि तेल लावलेल्या बांबूवर चढणारे माकड ही त्यांच्या नावाशी जोडली गेलेली उदाहरणे. शाळेने सरावासाठी दिलेल्या कागदांत त्याच वळणाचे एक उदाहरण होते: बांबू २० फूट उंच, माकड एका मिनिटात ३ फूट चढते, पुढच्या मिनिटात २ फूट घसरते, शेंड्याला केव्हा पोचेल?

मुलीने मिनिटामिनिटाचा हिशेब मांडून पानभर आकडे लिहिले होते. गृहस्थाला ते पाल्हाळ वाटले. दोन मिनिटांत १ फूट, म्हणून २० फुटांस ४० मिनिटे; त्रैराशिकाचा सरळ मामला! त्याने तिच्या पानावर तिरपी रेघ ओढली. मुलगी काही बोलली नाही. तिने खाली निमूटपणे ४० लिहिले.

शेवटच्या कागदावर उत्तरे होती. तेथील आकडा त्याला वाचता आला. ३५.

पावकी, निमकी, दिडकी छडीच्या तालावर म्हणत तो लहानाचा मोठा झाला होता. 'का' असे विचारण्याची त्या वर्गात सोय नव्हती. आपल्याच हातून ती छडी या वहीवर उमटली, हे त्याच्या ध्यानात आले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू कसं केलं होतंस, ते सांग बरं. सावकाश सांग."

तिने रेघेखालचे आकडे बोटाने दाखवले. ३४ मिनिटे संपली तेव्हा माकड १७ फुटांवर होते. पस्तिसाव्या मिनिटाला ते ३ फूट चढले. "आता ते शेंड्यावर आहे, बाबा. मग घसरेल कशाला?"

भास्कराचार्यांच्या लीलावतीतही, ११५० च्या सुमारास, एक बांबू आहे. ३२ हातांचा तो बांबू वाऱ्याने मोडतो, त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकते आणि तो कोठे मोडला ते काढायचे असते. उत्तर, १२ हातांवर. तेथे आचार्य प्रश्न घालतात ते 'बाले', 'सखे' अशा जिव्हाळ्याच्या संबोधनांनी. गणिताची भाषा मुळात धाकाची नव्हती.

ज्ञानही त्या माकडाप्रमाणेच चढते. त्याच्या घसरण्याचा हिशेब गाळून जो सरासरी काढतो, त्याला नेमकी शेवटची उडी दिसत नाही.

गृहस्थाने आपली रेघ खोडरबराने पुसून पाहिली. ती शाईची होती. पुसली गेली नाही. तेव्हा त्याने तिच्याच शेजारी, वळणदार बाळबोध अक्षरांत, 'बरोबर' असे लिहिले आणि पुढचे उदाहरण वाचण्यास तिला सांगितले.