'यॉल' म्हणजे नक्की कोण?



आम्ही उभयता मुंबईहून अल्फारेटाला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा घराजवळच्या दुकानात काउंटरवरची मुलगी रोज विचारायची, "हाऊ आर यॉल डुइंग टुडे?" हे 'यॉल' काय ते मला कळेना. बायको म्हणाली, "अहो, आपलं 'तुम्ही' असेल. म्हातारी माणसं बघून मान देते बिचारी." मलाही ते पटले.

मागच्या वर्षी ती गेली. सात दिवस झाल्यावर मी एकटाच दूध-पाव आणायला गेलो. तीच मुलगी, तोच प्रश्न. घरी नातीला सांगितले, तर ती म्हणते, "आजोबा, यॉल म्हणजे खूप लोक. तू तर एकटाच होता!" पोर सहज बोलली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग लायब्ररीत जाऊन पुस्तके काढली. 'यू ऑल'चे झाले 'यॉल'. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हा शब्द, आमच्या जॉर्जियात तर पदोपदी ऐकू येतो. पण 'यू' असताना त्याची गरज का पडली? तर पूर्वी इंग्रजीत एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यी' किंवा 'यू' म्हणत. पुढे थोरामोठ्या एकट्या माणसालाही मानाने 'यू' म्हणू लागले, जसे आपण 'तुम्ही' म्हणतो. हळूहळू 'दाऊ' मागेच पडले. म्हणजे इंग्रजीतला 'तू' गेला, उरले फक्त 'तुम्ही'! साहेब आपल्या कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतो म्हणा ना. नात हे ऐकून हसून हसून लोळली. ती मला 'तू'च म्हणते. मुलगा रागावतो, पण मीच म्हणतो, राहू दे.

हिब्रूत एका पुरुषाला 'अत्ता', अनेकांना 'अतेम'. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात हाच फरक 'दाऊ' आणि 'यी' असा राखलेला आहे. ब्राखा म्हणताना आपण देवाला 'अत्ता' म्हणतो, म्हणजे 'तू', अगदी आईला म्हणतो तसे. बालमित्रांनो, एक गंमत सांगू? हिब्रूत दुसराही एक 'अत्ता' आहे. तो अलेफने नाही, आयिनने लिहितात, आणि त्याचा अर्थ आपल्या मराठी 'आत्ता'सारखाच, या घडीला! दोन भाषांचा तसा काही संबंध नाही, योगायोगच.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत फक्त दोघांसाठी एक वेगळा शब्द होता, 'यित'. तुम्ही दोघं, बस्स. संस्कृतात 'युवाम्' आहे ना, तसा. तेराव्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गेला, परत कोणी आणला नाही.

एक आणखी वाचले. इथली माणसे कधीकधी एकट्यालाही 'यॉल' म्हणतात, त्यात घरच्या मंडळींचीही विचारपूस असते. त्या मुलीने आम्हां दोघांना किती वेळा एकत्र पाहिले होते! तिला खरे काय ते सांगावे म्हणून मी मुद्दाम गेलो. तिने विचारले, "हाऊ आर यॉल?" मी म्हटले, "वुई आर फाइन," आणि पिशवी उचलली.